माइक खाली धरणारा निवांत

स्टेजवर आल्यावर कलाकार पहिली मागणी कशाची करतो, त्यावरून मी माणूस ओळखतो. गझलवाले पाणी मागतात. ऑर्केस्ट्रावाले स्वतःचा आवाज ऐकायला मॉनिटर मागतात आणि तो दिला की दुसरा मागतात. हळदीचे डीजे बेस मागतात, आणि तो कितीही वाढला तरी त्यांचं पोट भरत नाही. साऊंड लावता लावता माझे केस पिकले, पण खुर्ची मागणारा रॅपर मी एकच पाहिला. तीही साधी, मांडववाल्याची, प्लास्टिकची. ती आली की आधी एका पायाखाली कागदाची घडी सारून तिची डुगडुग थांबवायची, मग बसायचं, मग इकडेतिकडे बघून विचारायचं, "दादा, चहा हाय का?"

त्याचं नाव अझीम. पोस्टरवर 'निवांत'.

परवा आमच्याच लाइनीतला एक पोरगा म्हणाला, "तो निवांत? एक नंबरचा आळशी. स्टेजवर बसून झोपा काढायचा." मी त्याला तिथल्या तिथे झापलं. झापूनही राग गेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

अझीम भिवंडीच्या खाडीकडच्या मोहल्ल्यातला, जुन्या कोकणी मुसलमान घरातला. मराठी घरचीच, हिंदी लूमवाल्यांची, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांची, आणि बोलताना दोन्ही अशा मिसळायचा की एक कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली ते त्यालाही सांगता आलं नसतं. उंच, काटकुळा, तोंड सदा गुळगुळीत. रॅपर म्हणवणाऱ्या पोरांना दाढी कोरायची केवढी हौस, पण याच्या ओठावर मी कधी मिशीची रेघही पाहिली नाही. दिवसा राहनाळच्या एका गोडाऊनमध्ये खोक्यांवर स्कॅनर मारायची त्याची ड्युटी होती. तिथला सुपरवायझर 'जल्दी, जल्दी' करत फिरायचा, आणि हा म्हणायचा, "खोक्यात पेशंट नाय ना? मग घाई काय?"

'घाई काय?' हे त्याचं कुठल्याही प्रश्नाचं उत्तर होतं. लग्न कधी करतोस, गाणं कधी संपवतोस, स्टेजवरून कधी उतरतोस, सगळ्याला एकच.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या भावकीतल्या एका पोराच्या हळदीत. आमच्या आगऱ्यांच्या हळदीला माणूस जेवला नाही तरी चालतं, नाचल्याशिवाय गेलेला चालत नाही. नवरदेवाच्या गोडाऊनमधल्या दोस्तांनी हौसेने याला आणलेलं. मांडव खच्चून भरलेला, पोरं अंगात आल्यासारखी तयार, आणि हा बाबा खुर्चीवर बसून चहात बिस्कीट बुडवतोय. बरं, सुरू झाला तरी माइक कुठे, तर छातीशी. माइक जरा तोंडाशी धरावा एवढी अक्कल बारशाला 'हॅलो हॅलो' करणाऱ्या मामालाही असते. त्याचा आवाज उचलायला मी व्हॉल्यूम वाढवला, तर स्पीकर शिट्टी मारायला लागले. मी मिक्सरवरून ओरडलो, "अरे, माइक वर घे!"

तो माझ्याकडे बघून गोड हसला. "दादा, घाई काय?"

आता याचा माझ्या बोलण्याशी काय संबंध? पण माइक काही वर गेला नाही. शेवटी मीच समोरचे स्पीकर बाजूला फिरवले आणि शिट्टी बंद केली.

नवरदेवाची आत्या पुढेच बसली होती. तिला राहवेना. "अगो बाय, या पोराला बरा न्हाय का काय? बसून कनचा गाना?"

अझीमने गाणं थांबवलं आणि तिलाच उत्तर दिलं. "आत्या, माझे आजोबा होडीत उभे. अब्बा लूमवर उभे. मोठा भाऊ गोडाऊनच्या दारात उभा. आमच्या घरात कोणीतरी बसायला नको का?"

आत्या हसली. मग म्हणाली, "बस रं बाला, बस." तिने परवानगी दिल्यावर मांडवात कोण काय बोलणार! आणि सांगायचं म्हणजे पोरं नाचली नाहीत, पण उठूनही गेली नाहीत. हळू बोलणाऱ्या माणसाचं हे असतं, पुढचा शब्द काय येतो त्याची वाट बघावी लागते. आमच्या घरांमध्ये जमीन गोडाऊनला गेल्यावर भाऊ भावाशी कसा बोलतो, यावर तो काहीतरी म्हणत होता. दोन भाऊ तिथे मांडवातच बसले होते, एकमेकांकडे पाठ करून. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर छोट्यामोठ्या कार्यक्रमांत तो भेटत राहिला. मी दर वेळी माइकवरून बोलायचो, तो दर वेळी हसायचा.

एकदा मुंबईहून कोणी व्हिडिओवाला त्याचं गाणं शूट करायला आला. स्पीकर माझे होते, म्हणून मीही होतो. माणूस कामाचा होता, पण भिवंडी काय असते ते घरूनच ठरवून आलेला. "कचऱ्याचा ढीग कुठे मिळेल? तिथून चालत ये. डोळ्यांत आग पाहिजे. राग दिसला पाहिजे, राग!"

"राग हाय की," अझीम म्हणाला. "पण तो घाईत नाय."

व्हिडिओवाल्याला हे काही पटलं नाही. त्याने गल्लीकडे बघून नाक मुरडलं. "तुमचा एरिया पुरेसा रफ वाटत नाही. जरा अजून घाण दिसायला हवी."

"थांबा," असं म्हणून अझीम आत गेला आणि झाडू घेऊन आला. कॅमेऱ्यासमोर त्याने ती गल्ली एका टोकापासून झाडायला घेतली. आरामात. दारातल्या चपला उचलून कडेला ठेवत, शेजारणीला सलाम करत, मध्ये एका बाईचा वाळत घातलेला पापड उडाला तो परत टोपलीवर ठेवत. व्हिडिओवाला आधी हसला, मग घड्याळ बघायला लागला, मग चिडला. गल्ली चकचकीत झाल्यावर अझीम दाराशी खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "आता घ्या शूटिंग. आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही झाडून घेतो."

तो व्हिडिओ काही आला नाही. गल्लीतल्या बायांनी मात्र आठवडाभर त्याचं कौतुक केलं.

त्याचा माइक मला कळला तो असाच एकदा, त्याच्या घरी गेल्यावर. माझा एक माइक तो चुकून घेऊन गेला होता. घरी विचारलं तर म्हणाले, बाजूच्या खात्यात बघा. आमच्याकडे लूम बसवलेल्या शेडला खातं म्हणतात. आत पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. मोठमोठ्या स्पीकरपुढे जन्म काढलेला माणूस मी, पण त्या खडखडाटात मला माझा खोकला ऐकू येईना. अझीम एका टोकाला, मध्ये लूमची रांग, आणि पार दुसऱ्या टोकाला पोत्यावर बसलेला एक म्हातारा. डोक्यावर पांढरी जाळीची टोपी, दाढी पांढरी, ओठावर मिशी नाही. दोघं गप्पा मारत होते! आवाज न काढता, नुसते ओठ हलवून, शब्द सुटे सुटे करून. एवढ्या गोंगाटात म्हातारा कशाला तरी पोट धरून हसला. लूमवरचा एक जण हात न थांबवता मध्येच तोंड फिरवून काहीतरी बोलला, तर दोघं त्यालाही हसले. त्या अख्ख्या खात्यात बहिरा मी एकटा.

म्हातारे म्हणजे अझीमचे अब्बा, कासमचाचा. आयुष्य लूमवर गेलं आणि त्यात दोन्ही कान गेले. त्यांचा कारखाना शेठने भंगारात काढून तिथे गोडाऊन बांधलं, तेव्हापासून घरी होते. घरी करमेना म्हणून शेजारच्या खात्यात येऊन बसत. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून वाचत आणि स्वतः मात्र लूमवर मात करायच्या आवाजात बोलत.

बाहेर आल्यावर मी त्यांना नमस्कार करून काहीतरी विचारलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि अझीमला दणदणीत आवाजात सांगितलं, "याचा आवाज नाय येत. मिशी मध्ये येते!"

गल्ली हसली. तोंडात तंबाखू असलेल्या माणसाशीही ते बोलत नसत. "खरखर येते," म्हणत. मास्कचे दिवस आले तेव्हा या माणसाची काय गत झाली ते अझीमने मला सांगितलं. सगळं जग एकदम मुकं झालं. दुकानदार मुका, डॉक्टर मुका, सून मुकी. चाचा दारात बसून डोळ्यांत पाणी आणायचे. मग अझीम समोरच्या घराच्या गच्चीवर जाऊन बसायचा, लांबून मास्क खाली ओढायचा आणि दिवसभर काय काय झालं ते अब्बांना ओठांनी सांगायचा. नुसतं सांगून त्यांचा चेहरा खुलेना, म्हणून यमक जोडून जोडून सांगायला लागला. त्यातून हा रॅप निघाला.

"आमच्या घरात बोलताना कोणी तोंडासमोर हात नेत नाय," तो म्हणाला. "नेला की अब्बांना वाटतं, त्यांना घराबाहेर काढलं. आता माइक म्हणजे हातच ना, दादा?"

मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मिशी कातरून ओठांच्या वर आणली. बायकोने बघितलं आणि छातीवर हात ठेवला, "अगो बाय, कोन गेला?"

पुढच्या खेपेला चाचांना माझा आवाज स्वच्छ आला आणि मग ते खुलले. त्यांचा सगळ्यात आवडता किस्सा शेठच्या कॅबिनचा. कारखान्यात शेठने स्वतःला बसायला काचेची कॅबिन करून घेतली होती. काच चांगली जाड. खडखडाट आत येऊ नये आणि आतलं बोलणं बाहेर जाऊ नये.

"शेठला वाटायचं, आवाज बाहेर जात नाय," चाचा गल्ली दणाणून सोडत म्हणाले.

"मग? जायचा?"

"आवाज पाहिजे होता कोनाला?"

शेठ आत बसून कोणाला काढायचं, कोणाला दमात घ्यायचं ते मुकादमाला सांगायचा, आणि मुकादम बाहेर येईपर्यंत ते शेवटच्या लूमपर्यंत पोचलेलं असायचं. शेठ फोनवर बायकोची माफी मागायचा तीही पोचायची. कारखाना मोडायचं ठरलं तेसुद्धा शेठच्या पोराआधी कामगारांना कळलं. आणि एवढ्या वर्षांत ही गोष्ट शेठला कोणी सांगितली नाही. सांगणार कोण?

हसत हसत चाचा एकदम उठून आत गेले. पुढचं मला अझीमने सोडायला येताना सांगितलं. "कारखान्यात सगळीकडे कापूस उडतो, दादा. नाकात जातो, डब्यात जातो, फेफड्यात जातो. फक्त कानात जाऊ देत नव्हते." कामगार कानात कापसाचे बोळे घालत. शेठचा हुकूम होता, बोळा दिसला की काढा. कानात बोळा असला की धागा तुटल्याचा आवाज कळत नाही आणि कापडात खोट राहते. मुकादम रांगेतून फिरायचा आणि चालत्या लूमवर उभ्या माणसांच्या कानातून बोळे उपटून काढायचा. कासमचाचांचे त्याने किती वेळा काढले असतील त्याला गणतीच नाही.

यावर अझीमने गाणं केलं होतं. मोहल्ल्यातल्या पोरांना ते पाठ होतं. ज्यांच्यावर केलं होतं त्या चाचांनी मात्र ते ऐकलं नव्हतं, कारण ते ऐकायला तयार नव्हते. घरात अझीमने सुरू केलं की चाचा डोळे मिटून घेत. त्यांचे कान म्हणजे डोळे, मिटले की विषय संपला. डोळे उघडून एकदाच म्हणाले होते, "घरात वाघ सगळेच. शेठच्या तोंडावर म्हणशील, तवा ऐकीन."

अझीमने ते मनात ठेवलं. घाई केली नाही, पण सोडलंही नाही.

मग महोत्सव आला. इथल्या एका मंडळाच्या भाऊने मोठ्या मैदानावर भरवलेला. स्टेजच्या डोक्यावर 'मेहनतीच्या शहराला सलाम' असा बोर्ड आणि त्याखाली चाचांच्या त्याच शेठचा हसरा फोटो, कारण सगळा खर्च शेठचा. साऊंड माझा. भाऊने अझीमला बोलावून घेतलं. पोरांची गर्दी त्याला हवी होती. म्हणाला, "रात्रीचा टाइम देतो तुला. धूर सोडू, लायटिंग मारू. फक्त ते कानाचं म्हणू नको. शेठ समोर बसणार. बाकी काय पण म्हण."

"बघू," अझीम म्हणाला.

भाऊने ते 'हो' धरलं. ज्याला अझीम माहीत नव्हता त्याने धरलंच असतं.

"धूर नको. लायटिंग पण नको. मला पाचचा टाइम द्या. असरची नमाज झाल्यावर, मगरिबच्या आधी, सूर्य बुडायच्या आत."

"पाचला कुत्रं येत नाय ग्राउंडवर!"

"शुक्रवार हाय. लूम बंद असतात. येतील."

आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, स्टेजचं तोंड पश्चिमेला करता येईल का?" कुठल्याही कलाकाराला मावळतीचं ऊन डोळ्यांवर नको असतं. याला हवं होतं. का हवं, ते आता मला विचारावं लागलं नाही. मी मांडववाल्याशी भांडून स्टेज फिरवून घेतलं.

त्या शुक्रवारी पाच वाजता मैदानावर कुत्रीही होती आणि माणसंही. पुढे पांढऱ्या खोळींचे सोफे, मधल्यावर शेठ. मग दोरी. दोरीमागच्या पहिल्या खुर्च्यांवर लूमवरची जुनी माणसं, इस्त्रीचे कुडते घालून आलेली, आणि अगदी पुढे कासमचाचा. त्यांच्यामागे तरुण पोरं, बुरखेवाल्या पोरी, आमच्या गावाकडची मंडळी.

अझीम आला, खुर्चीखाली कागद सारला, बसला, चहा मागितला. ऊन थेट तोंडावर. पहिली दोन गाणी गमतीची होती, एक उड्डाणपुलावरच्या खड्ड्यांचं, एक त्याच्या सुपरवायझरचं. शेठही मनापासून हसला. मग अझीमने कप खाली ठेवला.

"आता एक घरचं. अब्बा, डोळे उघडे ठेवा."

माझी नजर चाचांकडे गेली. उघडे होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे.

*थानावर थान, थानावर थान,*
*मुलुख नेसला कापड, बापाचा गेला कान.*

थान म्हणजे कापडाचा तागा, हे भिवंडीत कोणाला सांगावं लागत नाही. माइक नेहमीसारखा छातीशी, शब्द सुटे सुटे, जसे तो खात्यात बोलायचा. सोफ्यांवर चुळबूळ झाली. भाऊचा एक माणूस धावत माझ्याकडे आला. "आवाज खाली घे!"

"आधीच माइक छातीशी आहे. अजून खाली घेतला तर जमिनीत जाईल."

"शेठ सांगतात!"

"शेठना सांग, साऊंड भाड्याने दिलाय, विकला नाही."

तो माणूस परत धावला आणि शेठच्या सोफ्यामागे जाऊन वाकला. शेठ मागे वळून त्याच्याशी अगदी हळू, ओठातल्या ओठात दोन वाक्यं बोलला. मागे वळून! म्हणजे तोंड दोरीकडे. लूमवरच्या सगळ्या जुन्या माणसांच्या समोर.

कासमचाचा उभे राहिले. आणि कारखान्यात वापरायचा तो आवाज त्यांनी मैदानात काढला.

"जनरेटर बंद कर बोलतोय! बोलतोय, बहिऱ्याचं पोरगं माजलंय!"

शेठ वळलेला होता तसाच राहिला. तो चाचांकडे बघत होता, मग त्यांच्या शेजारच्याकडे, मग त्याच्या शेजारच्याकडे. सगळे त्याच्याच ओठांकडे बघत होते. काचेच्या कॅबिनमध्ये इतकी वर्षं आपण काय काय बोललो ते त्याला तेव्हा एकदम आठवलं असावं, कारण त्याने हळूच रुमाल काढून तोंडावर धरला. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू!

जनरेटर तरीही बंद झालाच. भाऊच्या माणसाने कुठलीतरी कळ ओढली आणि माझ्या मिक्सरवरचे सगळे दिवे विझले, स्पीकर मेले. माणसाच्या हाती काहीच उरलं नाही की तो जसा बसतो तसा मी मिक्सरपाशी बसलो.

अझीम उठला नाही. ओरडलाही नाही. दुसरा कोणी असता तर त्याने माइक आपटून शिव्या घातल्या असत्या, आणि लोकांनी टाळ्या पिटल्या असत्या. याने माइक मांडीवर ठेवला आणि गाणं जिथे होतं तिथून पुढे चालू ठेवलं. तीच चाल, तोच वेग. आवाज नाहीच. नुसते ओठ, उन्हात लख्ख दिसणारे.

मागच्या पोरांना वाटलं, तो थांबला. पण पुढच्या खुर्च्यांवरून एक घोगरा आवाज आला. मग दुसरा. लूमवरची ती माणसं अझीमच्या तोंडाकडे बघून एकेक शब्द मोठ्याने म्हणत होती, जसा मिळेल तसा, पण न चुकता. त्यांच्या मागच्यांनी तो उचलला, आणखी मागच्यांनी त्यांच्याकडून. ओळ स्टेजवरून सुटायची आणि मैदानाच्या शेवटाला कुंपणापर्यंत जायची, आणि ती पोचेपर्यंत अझीम पुढची ओळ धरून थांबायचा. त्याला घाई नव्हती.

*धागा तुटला तर ऐकू यावा, कान उघडे ठेव.*
*बाप तुटला तवा ऐकू आलं का रं, शेठ?*

शेवटची ओळ मैदानाने दोनदा म्हटली. एवढ्या माणसांचा एवढा आवाज, आणि त्यात माझा एक स्पीकर नाही. धंद्याच्या दृष्टीने वाईट गोष्ट, पण मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो.

चाचा ओरडत नव्हते. म्हणतही नव्हते. ते फक्त ऐकत होते. पापणी पडेल या भीतीने त्यांनी डोळे इतके ताणले होते की त्यातून पाणी आपोआप वाहत होतं आणि ते पुसायला हात उचलत नव्हते.

शेठ गेला. तोंडावर रुमाल धरूनच गेला. भाऊ त्याच्यामागून धावला. भाऊने नंतर मला काम दिलं नाही. नको देऊ. अझीम आता पडघ्याला राहतो, लग्न झालं, क्वचित कुठे कार्यक्रम करतो, अजून बसूनच करतो म्हणे. चाचा त्याच्याकडेच असतात. पण मला तो आठवतो तो त्या शुक्रवारचा, शेठ गेल्यानंतरचा.

गर्दी हलायला लागली होती. जनरेटर बंदच होता. मी केबल गुंडाळत होतो. कासमचाचांनी दोरी उचलली, तिच्याखालून वाकून पलीकडे गेले आणि शेठच्या सोफ्यापुढे जाऊन उभे राहिले. सोफ्याकडे बघितलं. मग खोळ हाताने झटकून त्यावर बसले. आधी कडेला, मग सरकत सरकत पार मागे टेकून. चपला काढल्या आणि पाय वर घेतले. मागे टेकून बसलेले कासमचाचा मी त्याआधी पाहिले नव्हते. त्यांनी स्टेजकडे बोट केलं आणि मग ते बोट हवेत गोल फिरवलं.

"परत!" ते गरजले. "पहिल्यापासून!"

अझीम हसला. मला वाटलं, आता म्हणणार, अब्बा, घाई काय? पण त्याने मान वर करून सूर्याकडे पाहिलं. ऊन स्टेजवरून सरकत चाललं होतं, त्याचा एक पट्टा तेवढा डाव्या कोपऱ्याला उरला होता. अझीम ताडकन उठला, प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि त्या कोपऱ्याकडे अक्षरशः पळत सुटला. वाटेत चहाचा कप लवंडला. खुर्चीखालचा कागद मागेच राहिला. डुगडुगणारी खुर्ची उन्हात टेकवून तो तिच्यावर बसला, तोंड सोफ्याकडे केलं, आणि धाप लागलेली असतानाच पहिल्या ओळीला सुरुवात केली.